हॉटेलातला धूर बाहेर कसा काढायचा: बेळगाव भागातल्या छोट्या हॉटेलवाल्यांसाठी

माझ्या हॉटेलात खुर्च्या सव्वीस. हा आकडा पुढं कामाला येणार आहे, म्हणून आधीच सांगून टाकतो. बेळगावच्या शहापुरात आमचं चहा-नाष्ट्याचं हॉटेल वडिलांच्या काळापासून आहे. सकाळी पुरी-भाजी, दिवसभर चहा, संध्याकाळी मिरची भजी. वडील गल्ल्यावर बसून विडी ओढायचे. सुटे पैसे मोजताना पेटती विडी गल्ल्याच्या डाव्या कडेला टेकवायचे, तिथं लाकडाला काळ्या खाचांची ओळ अजून आहे. पॉलिशवाल्यानं दोनदा विचारलं, घासून काढू का? मी नको म्हटलं.

म्हणजे मी काही विडी-सिगरेटचा जन्मजात वैरी नाही. आमच्या आजीचं माहेर निपाणीचं. निपाणीत तंबाखूच्या वखारीत ज्या घराची एकही बाई कधी गेली नाही, असं घर शोधावं लागेल. १९८१ साली शरद जोशींच्या नेतृत्वाखाली तंबाखू उत्पादकांनी पुणे-बंगळूर रस्ता अडवला, गोळीबार झाला, माणसं गेली, ते सगळं आमच्या घरात बातमी म्हणून नव्हे, नात्यातली गोष्ट म्हणून सांगितलं जायचं. अशा भागात हॉटेलवाल्यानं ‘इथं ओढू नका’ म्हणायचं, म्हणजे पहिल्यांदा घरातच उत्तर द्यावं लागतं.

मला भाग पाडलं ते कपबशा विसळणाऱ्या मावशींनी. त्यांची मोरी आतल्या भिंतीला लागून, वर एकच झरोका. पुढच्या टेबलांवरचा सगळा धूर भट्टीच्या ओढीनं आत जायचा आणि त्यांच्या डोक्यावर थांबायचा. खोकला काही केल्या हटेना म्हणून दवाखान्यात गेल्या. डॉक्टरांनी विचारलं, घरात कोण ओढतं? मावशी म्हणाल्या, “घरात कुणी नाही. हॉटेलात सगळेच.”

पुढचं सगळं त्यानंतर केलेल्या खटपटीतून शिकलेलं. सरकारी परिपत्रकं कन्नडमध्ये येतात, कायदा इंग्रजीत असतो, आणि आपल्यातले बरेच जण दोन्हीतलं निम्मं निम्मं समजून गप्प बसतात. म्हणून मराठीत लिहितोय.

पहिलं काम: खुर्च्या मोजा

मूळ कायदा केंद्राचा, २००३ चा. बोलताना सगळे त्याला ‘कोटपा’ म्हणतात, म्हणजे सिगरेट आणि इतर तंबाखू उत्पादनांच्या कायद्याच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरं. त्याचं चौथं कलम सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानाला बंदी घालतं. त्याचे तपशीलवार नियम २ ऑक्टोबर २००८ पासून देशभर लागू झाले. सार्वजनिक ठिकाण म्हणजे सरकारी जागा, असा एक सोयीस्कर समज आहे. जागा कुणाच्या मालकीची, हे कायदा विचारत नाही. लोक येतात-जातात का, एवढंच बघतो. हॉटेल, खानावळ, कँटीन, बार, मंगल कार्यालय, कचेरी, कारखाना, वाचनालय, दवाखाना, एसटी, रेल्वे हे सगळं त्यात आलं. उघडी जागा त्यातून वगळली आहे, पण बसस्टँड, रेल्वे स्टेशन, स्टेडियम यांना ती सूट नाही. म्हणजे स्टँडवर छपराखाली नसून उघड्यावर उभा आहे, असं सांगून सुटका नाही.

आता खुर्च्या. तीस किंवा त्याहून जास्त माणसं बसतील असं हॉटेल, तीस किंवा जास्त खोल्यांचं लॉज आणि विमानतळ, एवढ्यांनाच ओढणाऱ्यांसाठी वेगळी खोली करण्याची मुभा आहे. सव्वीस खुर्च्यांच्या हॉटेलाला ती मुभाच नाही. मागच्या बाजूला पार्टिशन टाकून ‘स्पेशल रूम’ करावी, असा सल्ला मला एका सुतारानं दिला होता. त्याचं काम निघालं असतं, मी मात्र अडकलो असतो.

ज्यांच्या खुर्च्या तीसच्या वर आहेत त्यांनीही ती खोली म्हणजे काय हे आधी समजून घ्यावं. चारी बाजूंनी छतापर्यंत भिंती हव्यात. दार आपोआप लागणारं आणि एरवी बंदच असणारं. आतली हवा पंख्यानं थेट बाहेर फेकली गेली पाहिजे, हॉटेलात परत येता कामा नये, आणि खोलीतला दाब बाहेरच्यापेक्षा कमी राहिला पाहिजे, म्हणजे दार उघडलं तरी हवा बाहेरून आत जाईल, आतली बाहेर येणार नाही. ही खोली हॉटेलात येण्याजाण्याच्या वाटेवर चालत नाही. बाहेर दोन भाषांत पाटी लागते, त्यातली एक इंग्रजी. खडेबाजारात एखादा गाळा भाड्यानं घेऊन बसलेल्या माणसाला हा खर्च परवडेल का, याचं गणित त्यानंच मांडावं. माझं मत विचाराल तर करू नका. अमेरिकेच्या सर्जन जनरलच्या, म्हणजे तिथल्या सरकारच्या बड्या आरोग्य अधिकाऱ्याच्या, २००६ च्या अहवालात स्पष्ट म्हटलंय की पंखे, एसी, वेगळं दालन यांनी दुसऱ्याच्या धुराचा धोका पूर्ण जात नाही. आणि त्या खोलीत कप उचलायला कोण जाणार? आपलाच पोरगा.

या सवलतीवर माझा आणखी एक राग आहे. ज्याच्याकडं जागा आणि पैसा, त्याच्या गिऱ्हाईकाला काचेच्या खोलीत बसून ओढायची सोय. आणि ज्याच्याकडं नाही, त्याच्या विडीवाल्याला पावसात बाहेर. स्वातंत्र्याची एवढी काळजी होती तर ती खुर्च्या मोजून करायला नको होती.

कर्नाटकात काय वेगळं

महाराष्ट्राच्या हद्दीवरचा कोगनोळीचा नाका ओलांडला की रस्ता तोच राहतो, नियम बदलतो. कर्नाटकानं केंद्राच्या कायद्यात स्वतःची दुरुस्ती केली. विधिमंडळात ती २०२४ मध्ये मंजूर झाली आणि राष्ट्रपतींच्या संमतीनंतर २०२५ च्या मे महिन्यात कायदा झाला. आपल्या कामाच्या गोष्टी चार.

सार्वजनिक ठिकाणी ओढल्याचा दंड दोनशेवरून एक हजारापर्यंत गेला, आणि तंबाखू खाऊन पिचकारी मारणंही त्याच फटक्यात आलं. विक्रीसाठी गिऱ्हाईकाचं वय अठरावरून एकवीस झालं. सुटी सिगरेट विकायला बंदी झाली. आणि हुक्का बार चालवणाऱ्याला एक ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते एक लाख दंड. शाळा-कॉलेजपासून शंभर मीटरच्या आत विक्री नाही, ही अट आहेच. ई-सिगरेटचा तर प्रश्नच नाही. कर्नाटकानं ती २०१६ मध्येच बंद केली आणि २०१९ मध्ये देशभर बंद झाली.

महाराष्ट्रातून, कागल, गडहिंग्लज, चंदगडकडून येणारा माणूस म्हणतो, “आमच्याकडं दोनशेच की.” हद्दीपलीकडच्या शिनोळीत बसून तो बरोबर आहे. तिथून दोन पावलांवर, कर्नाटकातल्या बाचीत, तो चुकीचा आहे. वाद घालू नका, पाटी दाखवा.

पाटी

इथं सगळ्यात जास्त चुका होतात, म्हणून इथं जरा रेंगाळतो.

बाजारात दहा रुपयांना जे गोल स्टिकर मिळतं, त्यानं कायद्याचं समाधान होत नाही. पाटी कमीत कमी साठ सेंटिमीटर बाय तीस सेंटिमीटर, म्हणजे ढोबळमानानं दोन फूट बाय एक फूट. पार्श्वभूमी पांढरी. मध्ये लाल वर्तुळ, त्याचा बाहेरचा व्यास कमीत कमी पंधरा सेंटिमीटर आणि लाल पट्टा कमीत कमी तीन सेंटिमीटर रुंद. वर्तुळात काळा धूर सोडणारी सिगरेट किंवा विडी, त्यावर आडवी लाल पट्टी. मी विडी काढून घेतली. आमच्याकडं सिगरेटच्या चित्राकडं बघून “मी विडी ओढूलालोय, सिगरेट नव्हे” म्हणणारे महाभाग आहेत.

मजकूर: ‘धूम्रपान निषिद्ध क्षेत्र. येथे धूम्रपान करणे हा गुन्हा आहे.’ नियमात इंग्रजी किंवा एक भारतीय भाषा असं लिहिलंय. भाषेचा विषय निघाला की आपल्याकडं धूर बाजूला राहतो आणि जाळ सुरू होतो, हे मी तुम्हाला सांगायला नको. मी वर कन्नड लिहिलं, ‘धूमपान निषेधिसलागिदे’, अर्थात कन्नड लिपीत, आणि खाली तेवढ्याच ठसठशीत अक्षरात मराठी. एका ओळखीच्यानं टोमणा मारला, “पाटीसाठी वाकलास?” मी म्हटलं, खोकल्याला भाषा नसते. दुकानांच्या नामफलकावर साठ टक्के कन्नडचा नियम आहे, त्याची वेगळी कटकट मला या पाटीवरून नको होती. आणि खरं सांगायचं तर माझं निम्मं गिऱ्हाईक कन्नड आहे, त्यांना वाचता यायलाच पाहिजे.

पाटी कुठं? प्रत्येक दाराशी एक, आत सगळ्यांना दिसेल अशी एक. माडी असेल तर प्रत्येक मजल्यावर, जिन्यात, आणि लिफ्ट असेल तर तिच्या तोंडाशी. माझ्या पहिल्या पाटीचं काय झालं सांगतो. मी ती पंख्याखाली लावली, तेलाच्या वाफेनं सहा महिन्यांत पिवळी झाली, आणि तिच्यावर कुणीतरी लग्नाच्या बँडचं कार्ड खोचलं. आता पत्र्यावर रंगवून घेतलीय, हात धुवायच्या बेसिनच्या वर. जेवून उठलेला माणूस तिथं जातो आणि तल्लफ त्याच वेळी येते.

पाटीवर आणखी एक गोष्ट लागते आणि ती जवळजवळ कुणीच लिहीत नाही: तक्रार कुणाकडं करायची त्याचं नाव. मालकाचं, मॅनेजरचं, ज्याला तुम्ही नेमाल त्याचं. मी स्वतःचं लिहिलंय. याचा एक फायदा लिहिल्यावर कळला. वेटरला गिऱ्हाईकाशी हुज्जत घालावी लागत नाही. तो पाटीकडं बोट करून “मालकांना विचारा” म्हणतो.

टेबलावरून आणि गल्ल्यावरून काय उचलायचं

ऍश-ट्रे, काडेपेटी, लायटर, ओढायला मदत होईल अशी कुठलीही वस्तू गिऱ्हाईकाला पुरवायची नाही. ऍश-ट्रे काढले तर लोक बशीत झाडतात, म्हणून मी पहिले पंधरा दिवस बशी देणंच बंद केलं, नुसता ग्लास. थोडी कुरकुर झाली, पण ती चहाबद्दल झाली.

हॉटेलाला चिकटून पानपट्टी असेल तर तिथली काथ्याची दोरी आठवा. खांबाला बांधलेली, टोकाला सतत धुमसणारी, जाता येता सिगरेट पेटवून घ्यायची सोय. आमच्या दाराशी ती चाळीसेक वर्षं लटकत होती. माझ्या लहानपणी तिच्या वासावरून मी डोळे मिटून घर ओळखलं असतं. पण ती दोरी माझ्या चौकटीला बांधलेली होती, म्हणजे सोय मीच पुरवत होतो. पानपट्टीवाल्या मामांशी बोललो, त्यांनी ती रस्त्यापलीकडच्या विजेच्या खांबाकडं नेली. तिथं ती कितपत योग्य, तो विषय वेगळा.

गल्ल्यावर सिगरेटचं पाकीट फोडून सुटी विकत असाल तर ते लगेच थांबवा. ‘एक चहा, एक कांडी’ हा धंद्याचा भाग होता, मान्य. दिवसाला चार पैसे सुटायचे. पण सुटी विक्री आता कर्नाटकात गुन्हा आहे, आणि हॉटेलात विकायची पण ओढू द्यायची नाही हे गिऱ्हाईकाला पटणारही नाही.

माणूस जाणार कुठं?

बंदी बसत नाही ती बहुतेक या प्रश्नाचं उत्तर न दिल्यामुळं. ‘बाहेर जा’ म्हणणं सोपं. बेळगावात जून ते सप्टेंबर छत्री मिटत नाही, तेव्हा बाहेर म्हणजे पागोळीखाली, म्हणजे दारातच. दारातला धूर आतच येतो.

मी यात एकदा तोंडघशी पडलोय. हॉटेलाला लागून ताडपत्री बांधली, तिन्ही बाजूंनी झडप सोडली, बाकडं टाकलं, आणि ओढणाऱ्यांना तिथं चहा पोचवू लागलो. स्वतःवर खूश होतो. तपासणीला आलेल्या अधिकाऱ्यानं बाकड्यावर बसून चहा घेतला आणि विचारलं, “हा चहा तुमच्याच हॉटेलचा ना? मग ही जागा कुणाची?” बरोबर होतं त्यांचं. छप्पर माझं, बाकडं माझं, चहा माझा, म्हणजे ते हॉटेलच झालं. समज देऊन गेले, दंड केला नाही. त्याच दुपारी ताडपत्री उतरवली.

आता असं आहे: दारापासून दहा-बारा पावलांवर, शेजाऱ्याच्या खिडकीखाली नाही आणि शाळेच्या वाटेवर नाही अशा उघड्या कोपऱ्यात एक तेलाचा डबा ठेवलाय, निम्मा वाळूनं भरलेला. थोटूक त्यात. चहा तिथं देत नाही. चहा आत प्या, ओढायचं ते उघड्यावर, मग परत या. पंखा आणि पेपर तुमच्यासाठी राखून ठेवतो. जागा निवडण्याआधी एक उदबत्ती लावून बघा, धूर कुठल्या बाजूला जातो ते. पावसाळ्यात वारा पश्चिमेकडून येतो, दार पश्चिमेला असेल तर कोपरा बदलावा लागतो.

बोलायचं कसं

एक निवृत्त मास्तर रोज सकाळी साडेसहाला यायचे. एक चहा, एक सिगरेट, अख्खा पेपर. मी सांगितलं तेव्हा त्यांनी चष्मा काढून ठेवला आणि म्हणाले, “तुझ्या वडलांनी कधी अडवलं नाही.” मग शांतपणे त्यांचं म्हणणं मांडलं: मी प्रौढ माणूस आहे, मला धोका माहीत आहे, पैसे माझे, फुप्फुसं माझी. सरकारनं रस्ते नीट करावेत, माझ्या ओठांकडं कशाला बघावं? आणि तुझं हॉटेल तुझं आहे. तुला चालत असेल आणि मला चालत असेल तर तिसऱ्याचा संबंध काय?

या म्हणण्यात दम आहे. मी ते उडवून लावणार नाही. आपल्या भागातल्या माणसाला सरकार काय वाचायचं, कुठल्या भाषेत बोलायचं हे सांगतं तेव्हा कसं वाटतं ते माहीत आहे. एका दंडात दोन दिवसांची मजुरी जाणारा उद्यमबागच्या फाउंड्रीतला कामगार ‘हे माझ्या भल्यासाठी आहे’ म्हणून हसत पैसे देईल, ही अपेक्षा भाबडी आहे. आणि उद्या कुणी म्हणालं की शेताच्या बांधावर, स्वतःच्या अंगणात ओढायचं नाही, तर मी मास्तरांच्या बाजूला उभा राहीन.

पण मास्तरांचा तिसरा माणूस खरोखर होता. तो मोरीत बसला होता. सिगरेटच्या धुराचा मोठा भाग ओढणाऱ्याच्या छातीत जातच नाही. दोन झुरक्यांच्या मधे ती नुसती जळत असते तेव्हा टोकातून निघतो, न गाळलेला. त्या धुरात सात हजारांहून जास्त रसायनं असतात, त्यातली सत्तरच्या आसपास कर्करोगाशी जोडलेली. गिऱ्हाईक वीस मिनिटं बसतं आणि जातं. मावशी दहा तास. गिऱ्हाईकाला हॉटेल आवडलं नाही तर दुसरं हॉटेल आहे; मावशींना दुसरी नोकरी बघावी लागते. ‘ज्याला चालत नाही त्यानं जाऊ नये’ हा सल्ला त्यांना लागूच पडत नाही.

न्यायालयांनीही जवळपास हाच धागा धरला. केरळ उच्च न्यायालयानं १९९९ मध्ये सार्वजनिक ठिकाणचं धूम्रपान हे न ओढणाऱ्याच्या जगण्याच्या हक्कावर अतिक्रमण ठरवलं. मुंबईचे मुरली देवरा सर्वोच्च न्यायालयात गेले होते, त्यांच्या याचिकेवर २ नोव्हेंबर २००१ ला आदेश झाला आणि दवाखाने, शाळा, कोर्ट, कचेऱ्या, वाचनालयं, गाड्या यांत बंदी आली. दोन्हीकडं आधार संविधानाच्या एकविसाव्या कलमाचा, म्हणजे जगण्याच्या हक्काचा. न विचारता कुणाच्या छातीत धूर घालता येत नाही, एवढंच त्याचं मराठी.

मास्तरांना मी हे सगळं सांगितलं नाही. मोरीकडं बोट केलं आणि मावशींचं डॉक्टरकडचं उत्तर सांगितलं. त्यांनी सिगरेट विझवली, चहा संपवला, पैसे ठेवले. परत आले नाहीत. पलीकडच्या टपरीवर उभे राहून पितात आणि रस्त्यापलीकडून हात करतात. असं एखादं गिऱ्हाईक जाणार हे धरून चला.

बाकीच्यांना सांगताना मला उपयोगी पडलेल्या गोष्टी: सिगरेट पेटायच्या आधी बोला, पेटल्यावर बोललं की अपमान होतो. खिशाकडं हात गेला की पाण्याचा ग्लास घेऊन जवळ जायचं आणि हळू म्हणायचं, “मामा, बाहेर डबा ठेवलाय, चहा तोवर झाकून ठेवतो.” चहा झाकून ठेवतो, हे वाक्य सोडू नका, त्यातच त्याची जागा राखलीय हे कळतं. चारचौघांत मोठ्यानं कधीच नाही. टोळक्यातल्या थोरल्याला सांगायचं, तो बाकीच्यांना उठवतो. आणि पुढारी आला तर? पुढाऱ्याला आधी सांगा. त्याला सोडलं की पाटीवरचा रंग त्याच दिवशी उडाला.

ऐकलंच नाही तर

दंड तुम्ही घ्यायचा नाही. काही जण बरणीत शंभर-शंभर टाकायला लावतात, ते बेकायदा आहे. दंड करण्याचा अधिकार नेमून दिलेल्या माणसांना आहे: पोलिसांत उपनिरीक्षक आणि वरचे, आरोग्य निरीक्षक, जिल्ह्याच्या तंबाखू नियंत्रण कक्षाचे लोक, शाळेत मुख्याध्यापक, दवाखान्यात तिथला प्रमुख. पैसे दिले तर पावती मागून घ्यायची, गिऱ्हाईकालाही तेच सांगायचं.

हात लावायचा नाही, सिगरेट हिसकायची नाही. सेवा मात्र थांबवता येते: “हे विझेपर्यंत ऑर्डर घेता येत नाही.” दहातले नऊ इथं उठतात. दहावा उठला नाही तर आजूबाजूच्या टेबलांना दुसरीकडं बसवा आणि फोन करा.

हे तुम्ही का करायचं, त्याचं कारण नियमातच आहे. कुणी तक्रार केली आणि मालकानं काहीच केलं नाही, तर आत जितके जण ओढत होते तितके दंड मालकावर बसू शकतात. म्हणून मी एक दोनशे पानी वही ठेवलीय. तारीख, वेळ, टेबल, काय सांगितलं, काय झालं. नावं नाहीत. ‘टे. ४, दोघे, सांगितल्यावर बाहेर गेले.’ एवढंच. अधिकारी आले तेव्हा ती वही पुढं केली आणि बोलणं दोन मिनिटांत आटपलं.

लग्न आणि मांडव

मंगल कार्यालय बंदीत येतं, हे वर सांगितलंच. बुकिंगच्या कागदावर एक ओळ घाला आणि वधू-वर दोन्हीकडच्या एकेका जबाबदार माणसाची त्यावर सही घ्या. लग्नाच्या दिवशी नवरदेवाच्या मामाला कुणी काही सांगू शकत नाही, महिनाभर आधी सांगता येतं. गणपतीच्या मांडवात तर कापूस, कापड, थर्माकोल, वायरिंग. तिथं फुप्फुसाचा मुद्दा काढूच नका, आगीचा काढा. पोरं लगेच ऐकतात.

आपल्या माणसांसाठी

हॉटेलातले कामगार स्वतः ओढत असतील तर बंदीचा पहिला चटका त्यांनाच बसतो. त्यांची सुट्टी ठरवून द्या, नाहीतर ती मोरीमागं लपून होते. ज्याला सोडायचं आहे त्याला १८००-११-२३५६ हा राष्ट्रीय क्रमांक द्या, फुकट आहे, पलीकडून माणूस बोलतो. दिवसाला किती, पहिली कधी, असं साधं विचारतात आणि पुन्हा फोन करून चौकशी करतात. ओरडत नाहीत.

घरचंही एक सांगून ठेवतो. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत १०.७ टक्के प्रौढ ओढणारे निघाले, आणि घरात दुसऱ्याचा धूर घेणारे ३८.७ टक्के. घरात कायदा येत नाही आणि येऊही नये. पण हॉटेलात बाहेर जायची सवय लागलेला माणूस घरीही अंगणात जाऊ लागला, असं माझ्याच दोन वेटरांच्या बायकांनी मला येऊन सांगितलं.

शेवटचं काम, दर सोमवारी

पाटी लावून विसरलात तर दोन महिन्यांत सगळं पुन्हा पहिल्यासारखं होतं. सोमवारी सकाळी शटर उघडायच्या आधी मी एक फेरी मारतो: तुळशीची कुंडी, बेसिनखालची जाळी, संडासाची खिडकी, गॅस सिलिंडरमागची फट. थोटूक सापडलं की वहीत नोंद. सुरुवातीला आठवड्याला पंचवीस-तीस निघायची, बहुतेक कुंडीत. तुळस दोनदा बदलावी लागली. आता कुंडीत काही नसतं.

गेल्या सोमवारी तीन सापडली. तिन्ही सिलिंडरमागं, तिन्ही विड्या, तिन्ही निम्म्यावर विझवलेल्या. निम्मी विडी विझवून ठेवायची सवय आमच्या आचाऱ्याला आहे, एकवीस वर्षं बघतोय मी. सिलिंडरमागं! मंगळवारी हॉटेल बंद असतं, त्या दिवशी त्याच्या घरी जाऊन बोलतो. जाताना फोनचा नंबर लिहिलेला कागद नेईन. दोन विड्या मात्र इथंच टाकून देतो, तिसरी त्याला दाखवायला खिशात ठेवलीय.